घरट्याभोवतीचा हिरवा

केझाया मेटकाफ अंडी रंगवायची. हॉल्मथॉर्पमध्ये कुणी विचारलं तर ती एवढंच सांगे, "अंडी रंगवते." परगावच्या माणसाला वाटे, ईस्टरसाठी रंगवत असेल. ती दुरुस्त करत बसायची नाही. दिवसभर खाली मान घालून आलेली बाई आणखी किती समजावणार.

मिस्टर स्केफ यांच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडक्यांची एक लांब खोली होती. तिथे एका टेबलाला आम्ही सहाजणी बसायचो. खाली तांब्याच्या पाट्यांवरून काळ्या रेघांची चित्रं छापली जायची, वाळली की वर यायची, आणि आम्ही ती हाताने रंगवायचो. एकीने एकच रंग लावायचा आणि कागद शेजारणीकडे सरकवायचा. मी, लोइस हेब्डन, तपकिरीची. काटक्या, मुळं, घोड्याचे केस, वाळलं गवत, सगळं माझ्याकडे. माझ्यापुढे हिरवा, मग पिवळा, मग राखाडी, मग आभाळाची पुसट निळाई, आणि सगळ्यात शेवटी केझाया. अंडं बिघडलं तर पाचजणींची मेहनत पाण्यात जायची, म्हणून ते तिच्याकडे.

तिचा हात होताच तसा. पिवळ्या भारिटाच्या अंड्यावर शाईने गिरगटल्यासारख्या रेघा असतात. त्या ती चार केसांच्या कुंचल्याने काढायची आणि मनगट टेबलाला टेकवायची नाही. कुंपणातल्या चिमणीचं अंडं साधं निळं, त्यावर ठिपका नाही की रेघ नाही, पण तिच्या मते तेच सगळ्यात अवघड. "चुकलं तर लपवायला काहीच नसतं," ती म्हणायची. ज्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी ही चित्रं होती त्या पाद्रीसाहेबांनी पाठवलेला नमुना समोर उभा केलेला असे, आणि आमचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहिला जाई. पण केझायाला नमुन्याची गरज नव्हती. तिचा बाप कुंपणं छाटायचं काम करायचा आणि वसंतात दोन्ही मुलींना बरोबर न्यायचा. कुठल्या झुडपात काय आहे हे तिने लहानपणीच वाकून पाहिलेलं होतं.

दोन्ही मुली म्हणजे ही आणि डॉर्कस. डॉर्कस सात वर्षांनी धाकटी. तिला जन्म देताना आई गेली आणि केझायाने, स्वतःच्या दुधाचे दात अजून पुरते पडले नव्हते तेव्हापासून, तिला सांभाळलं. पुढे एका खोगीरवाल्याने केझायाला मागणी घातली होती. माणूस चांगला होता, पण त्याच्या घरात एकच खोली होती आणि त्याला बायको हवी होती, बायको आणि मेव्हणी नको होती. तो विषय तिथेच संपला. मी एकदा तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बरा होता तो. पण मला झोप आली होती." मला नीट कळलं नाही. आता वाटतं, तिला खरंच तेवढंच म्हणायचं होतं.

डॉर्कस म्हणजे तिच्या अगदी उलट. तोंडाचा पट्टा कायम चालू. मुकादमीण मिसेस बुलमर यांची चाल, पाद्रीसाहेबांची शिंक, स्केफसाहेबांचं कण्हत जिना चढणं, सगळं ती बसल्या जागी करून दाखवायची. केझायानेच तिला छापखान्यात आणलं. कुंचला पाण्यात बुडव, रंगात फिरव, ओठांत धरून टोक कर आणि मग कागदावर टेकव, हे तिनेच शिकवलं. आम्ही सगळ्याजणी तसंच करायचो. त्याशिवाय पानाची कड सुबक येत नाही, रंग फुगून बाहेर जातो. दिवसातून हजार वेळा कुंचला ओठांत जायचा. संध्याकाळी जीभ बाहेर काढली की कोण कुठल्या रंगावर बसते ते लगेच कळायचं, आणि त्यावर डॉर्कसचे विनोद असायचे.

डॉर्कसचा हात जरा धसमुसळा होता, म्हणून केझायाने मिसेस बुलमरना सांगून तिला सगळ्यात सोप्या रंगावर बसवलं. तो म्हणजे हिरवा.

सात वर्षं त्या पुस्तकाचे पक्ष्यांचे भाग वर्गणीदारांसाठी निघत होते. तेव्हा हिरव्याला काम कमी होतं. फांदीवर दोन पानं, पायाखाली चार गवताची पाती. डॉर्कस बाकी वेळ गप्पा मारायची. मग पक्षी संपले, आणि पाद्रीसाहेबांनी घरट्यांची आणि अंड्यांची नवी मालिका काढली. घरटं म्हटलं की भोवती झाडोरा आला. काटेरी झुडूप, वेल, शेवाळ, लव्हाळी, नेचे. कागदाचा निम्मा भाग पानांनी भरलेला. रंग तोच, लंडनहून डब्यांतून येणारा झळझळीत पाचूहिरवा, पण पूर्वी महिन्याला एक डबा पुरायचा तिथे आता आठवड्याला एक लागायला लागला. तो सकाळी डिंकाच्या पाण्यात खलायचा असे. खलताना हिरवी भुकटी उडायची आणि डॉर्कसच्या भुवयांवर बसायची.

घरटी सुरू होऊन वर्ष होत आलं तेव्हा डॉर्कसच्या ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या. मग नाकाच्या कडेला फोड आले. मग पोटात कळा. दुपारचा चरबी लावलेला पाव ती तसाच परत न्यायला लागली. तिच्या नकला थांबल्या. पहिल्यांदा आम्हाला बरंच वाटलं, कारण खोली जरा शांत झाली. हे सांगायला आज लाज वाटते, पण खरं ते खरं.

डॉक्टर आले. वय चौतीस आणि लग्न नाही, तेव्हा रक्त कमी आहे, असं म्हणाले. लोहाचं औषध आणि मांसाचं पाणी लिहून दिलं. केझायाने दोन्ही केलं, पण फरक पडला नाही. शेवटी तिने डॉर्कसला समुद्रकाठी, मावशीकडे पाठवून दिलं. सहा आठवड्यांत डॉर्कस अशी परतली की ओठ स्वच्छ, गालांवर रंग, आणि मावशीच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नक्कलही बरोबर आणलेली. आम्ही सगळ्याजणी म्हणालो, समुद्राची हवा. ती पुन्हा आपल्या जागेवर बसली. तिसऱ्या आठवड्यात चिरा पुन्हा उघडल्या, आणि या वेळी पायाच्या बोटांना मुंग्या येताहेत असं ती म्हणायला लागली.

आता ती उठूच शकेना. जागा मोकळी राहिली तर मिसेस बुलमरना दुसरी बाई घ्यावी लागली असती, आणि घेतलेली बाई पुन्हा काढता येत नाही. केझायाने सांगितलं, "तिची जागा मी धरते. अंडी मी दुपारनंतर करीन." म्हणजे सकाळी हिरवा आणि दुपारी अंडी. घरी जाऊन बहिणीचं सगळं करायचं ते वेगळंच. तक्रार तिच्या तोंडून कधी ऐकली नाही. फक्त जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली, तेवढंच.

महिनाभरात तिचेही ओठ फुटले.

ओठांना लावायला मलम हवं म्हणून ती मिस्टर फ्रँकिश या औषधवाल्याकडे गेली. मी बरोबर होते, मला लवंगेचं तेल हवं होतं. फ्रँकिश म्हणजे तुसडा माणूस, गिऱ्हाइकाकडे न बघता पुड्या बांधायचा. त्या दिवशी मात्र त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. नखांच्या कडांना हिरवं बसलेलं होतं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

केझाया म्हणाली, रंग आहे, पानांचा.

"आणि हा रंग तोंडापाशी कसा येतो?"

तिने हवेत कुंचला धरल्यासारखी बोटं केली आणि ओठांशी नेली. फ्रँकिशने हातातली पुडी खाली ठेवली. मग फळीवरून एक जाडजूड वही काढून आमच्यासमोर उघडली. त्यात नावं आणि सह्या होत्या.

"उंदीर मारायला विष म्हणून चिमूटभर सोमल न्यायचा असेल तर मला तुमची इथे सही घ्यावी लागते," तो म्हणाला. "कायदाच आहे तसा. नाव, पत्ता आणि कशाला हवाय ते. तुमच्या त्या हिरव्यात तांबं आहे आणि हा सोमल आहे. डबेच्या डबे येतात तुमच्याकडे, आणि सही कुणाची नाही."

केझायाने विचारलं, याला उतारा काय. तो म्हणाला, उतारा एकच, बंद करणं. बाकी ज्याचं त्याचं नशीब.

बाहेर येऊन ती बाजाराच्या चौकातल्या पाणी प्यायच्या दगडी कुंडाच्या कडेवर बसली. मेंढ्यांचा बाजार होता, आमच्या भोवतीने मेंढ्या हाकल्या जात होत्या. ती मला म्हणाली, "लोइस, तिला ओठात धरायला मी शिकवलं. सोपा रंग म्हणून हिरव्यावर मीच बसवलं." मी म्हटलं, तुला काय माहीत होतं. ती म्हणाली, "माहीत नव्हतंच." मग आम्ही उठलो, कारण जेवणाची सुट्टी संपत आली होती.

त्याच दुपारी ती स्केफसाहेबांकडे गेली. काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. साहेब वाईट नव्हते. साठी उलटलेली, खुबा धरलेला, आणि वर्गणीदारांना भाग वेळेवर पोचवायचा घोर कायम मागे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की फ्रँकिशचं काय घेऊन बसलात, त्याला सगळ्यात सोमल दिसतो. हाच हिरवा भिंतींच्या कागदांवर असतो, बायकांच्या टोपीवरच्या फुलांत असतो. आणि एवढं असेल तर कुंचला तोंडात घालू नका, म्हणजे झालं.

आम्ही तसं करून पाहिलं. कुंचला चिंधीवर फिरवून टोक करायचो. पानं फुगली, कडा ओघळल्या, शंभरातले तीस कागद मिसेस बुलमरनी परत केले. आणि कितीही ठरवलं तरी हात आपोआप ओठांकडे जायचा. वीस-वीस वर्षांची सवय. भुकटी तर उडत होतीच.

तेव्हा केझायाने दुसरी वाट धरली. सकाळी लवकर येऊन तिने निळा आणि पिवळी माती एकत्र खलली आणि त्याचा हिरवा केला. तो झळझळीत नव्हता. मळकट, जरासा धुळीचा, ऑगस्टमधल्या काटेरी झुडपासारखा. ती वटवट्याचं घरटं रंगवत होती. त्या एका चित्राच्या तीनशे प्रतींना तिने हाच रंग लावला. मिसेस बुलमर रोज प्रत्येक कागद नमुन्याशी ताडून बघणारी बाई. तिने पहिला कागद उचलला, नमुन्याकडे पाहिलं, केझायाच्या ओठांकडे पाहिलं, आणि कागद 'पास'च्या गठ्ठ्यात ठेवला. तीनशेच्या तीनशे तसेच ठेवले. त्या काळात त्या बाईच्या तोंडून आम्ही कुणी एकही गोड शब्द ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही.

भाग बाहेर पडला आणि पंधरा दिवसांनी पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. पानं रस्त्यावरच्या धुळीने माखल्यासारखी दिसतात, नमुन्यात अशी नाहीत, वर्गणीदार काय म्हणतील, असं काहीसं. स्केफसाहेब पत्र हातात घेऊन वर आले. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ आम्ही त्यांची काठी ऐकत बसलो.

त्यांनी ओरडाआरडा केला नाही. स्वतःच्या हाताने डब्यातला पाचूहिरवा बशीत काढला, डिंकाचं पाणी घातलं, आणि बशी केझायासमोर ठेवली. म्हणाले, पुढचं चित्र या रंगात. केझायाने बशी उचलली नाही, नुसती बोटाने शेजारणीकडे सरकवली. शेजारणीने तिच्या शेजारणीकडे. अशी ती टेबलाच्या टोकापर्यंत माझ्याकडे आली. घरी आजारी नवरा होता, आणि नोकरी गेली असती तर काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. मीही ती पुढे सरकवली, म्हणजे परत साहेबांपुढे.

"अस्सं," साहेब म्हणाले. "मग मी दाखवतो. माझ्या बापाच्या दुकानात मी आठव्या वर्षी कुंचला धरलाय. तुम्हाला भुतं दिसताहेत."

ते डॉर्कसच्या रिकाम्या स्टुलावर बसले. एक कागद पुढे ओढला. म्हातारे झाले होते तरी हात अजून पक्का होता. कुंचला पाण्यात बुडवला, रंगात फिरवला, आणि न बघता, जसं आपण शिंकताना डोळे मिटतो तसा, तो ओठांत धरून टोक केलं.

मग ते थांबले. आम्ही पाचजणी आणि मिसेस बुलमर त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी कुंचला हळूच बाजूला ठेवला, बाहीने ओठ पुसले, बाहीकडे पाहिलं, आणि पुन्हा पुसले. खालच्या ओठावर हिरवा राहिलाच होता. ते मिसेस बुलमरना म्हणाले, "पाणी." ती पाणी घेऊन आली. त्यांनी चूळ भरली आणि खिडकीतून बाहेर थुंकले.

जाताना त्यांनी विचारलं, "डॉर्कस कशी आहे?"

"चालता येत नाही," केझाया म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी आलो तर शेल्फवरचे हिरवे डबे नव्हते. त्या जागी निळ्याचे आणि पिवळ्या मातीचे होते. ते पाद्रीसाहेबांना काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या भागांमधली सगळी पानं त्याच मळक्या हिरव्यातली आहेत, आणि वर्गणीदारांपैकी कुणीही, माझ्या माहितीप्रमाणे, त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

केझायाचे ओठ दोन महिन्यांत भरून आले. डॉर्कसचे पाय मात्र परत आले नाहीत. फोड गेले, पोटही सावरलं, पण पायांतून आणि नंतर हातांतून जीव गेल्यासारखं झालं. चमचा धरता यायचा नाही. तोंड मात्र शाबूत होतं. मी रविवारी जायचे तेव्हा ती मला उशीवरून मिसेस बुलमर करून दाखवायची, नुसत्या भुवयांनी. साहेबांनी कुंचल्याचा किस्सा झाल्यापासून दर नाताळला जेवणासाठी एक हंस पाठवायला सुरुवात केली होती. डॉर्कस म्हणायची, "मी मेले तर हा बिचारा हंस वाचेल."

ती चार वर्षं जगली. चार वर्षं केझाया रोज पहाटे तिचं अंग पुसायची, ओटची पेज भरवायची, शेजारच्या म्हातारीला बसवून कामावर यायची, दिवसभर अंडी रंगवायची आणि परत जाऊन तेच सगळं करायची. मी एकदा तिला म्हटलं, तुला राग नाही का येत, साहेबांचा, पाद्रीचा, कुणाचाच. ती म्हणाली, "येतो की. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं, लोइस. ते संध्याकाळपर्यंत उरत नाही."

डॉर्कस मार्चमध्ये गेली, थंडी सरता सरता. पुरून आल्यावर केझाया बुटांसकट पलंगावर पडली आणि दोन दिवस झोपली. मी आणि मिसेस बुलमर आलटून पालटून दार उघडून बघायचो, श्वास चालू आहे ना. मिसेस बुलमरनी स्वयंपाकघर घासून काढलं, कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी केझाया उठली, तोंड धुतलं आणि कामावर आली. त्या दिवशी टिटवीचं अंडं होतं. तिने सत्तर कागद केले.

त्यानंतर अकरा वर्षांनी रंगीत छपाईची यंत्रं आली आणि वरची खोली बंद झाली. केझाया तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. स्केफसाहेबांच्या मुलाने तिला विचारलं, यंत्रावर देखरेख करशील का, रंग ओळखणारी नजर लागते. ती नको म्हणाली. शाळेच्या आवाराजवळ तिने एक खोली घेतली आणि लोकांचे पडदे, चादरी शिवून द्यायला लागली. मी विचारलं, दिवसभर सुईत डोळे घालून तेच नाही का झालं. ती म्हणाली, नाही, कापड अंधारातही ओळखता येतं, आणि कधी कंटाळा आला तर डोळे मिटून टाके घालते.

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. मी रोज सूप घेऊन जात होते. ती बरी झाली. आता ती सकाळी नऊपर्यंत उठत नाही. दार वाजवलं तर आतून ओरडते, "लोइस, सूप पायरीवर ठेव आणि जा, मी झोपलेय." मी ठेवते आणि जाते.